आधी माणसे उभी राहिली

बेंगळुरूच्या पूर्वेचे व्हाइटफील्ड मराठी माणसाला माहीत असते ते आयटी पार्कमुळे. कुणाचा भाचा तिथे नोकरीला असतो, कुणाची लेक तिथल्या सोसायटीत राहते. पण या वस्तीचा दाखला संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. १८८२ मध्ये म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार यांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या संस्थेला ३,९०० एकर जमीन दिली. संस्थेचे पुढारी होते डी. एस. व्हाइट आणि गावाला नाव मिळाले ते त्यांचे. सरकारी नोकरीवर विसंबून असलेल्या समाजाने शेती करावी, स्वतःच्या पायांवर उभे राहावे, ही कल्पना. वस्तीची गोलाकार आखणी झाली आणि तिचे ‘इनर सर्कल’ आजही त्याच नावाने ओळखले जाते.

खेळाच्या मैदानावर राष्ट्रगीत सुरू झाले की उभे राहायचे, हा आपल्याकडचा रिवाज कुठून आला, याचा कागदोपत्री माग काढायचा तर व्हाइटफील्ड वसवणाऱ्या या समाजाला वगळून चालत नाही. त्याचे कारण हॉकी. रेल्वे, तारखाते, कस्टम्स आणि मिशनच्या शाळा यांत वाढलेल्या अँग्लो-इंडियन तरुणांनी हा खेळ आपलासा केला होता. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकला गेलेल्या हिंदी संघात निम्म्याहून अधिक खेळाडू याच समाजाचे होते. त्यांचे राष्ट्रगीत राजाचे होते, आणि ऑलिंपिकच्या कागदांत हिंदुस्थानचेही तेच. बाकीच्या हिंदी खेळाडूंना निवड नव्हती. जिंकल्यावर जे गीत वाजेल ते आपले नाही, हे ठाऊक असूनच ते बोटीवर चढले.

त्या संघाची हकिगत ध्यानचंदांच्या ‘गोल’ या आत्मचरित्रात आहे. मुंबई सोडण्याआधी मुंबईच्या संघाने त्यांना ३-२ असे हरवले. ‘कैसर-ए-हिंद’ बोट सुटली तेव्हा धक्क्यावर निरोपाला अवघी तीन माणसे होती. २६ मे १९२८ रोजी अंतिम सामन्यात यजमान हॉलंडला ३-० असे नमवून संघ सुवर्णपदक घेऊन परतला. संपूर्ण स्पर्धेत त्याने २९ गोल केले आणि एकही स्वीकारला नाही. या संघाचा कर्णधार होता जयपाल सिंग. मतभेदांमुळे तो अंतिम सामन्याआधीच संघापासून दूर झाला होता. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

आठ वर्षांनी बर्लिन. १९३६ च्या स्पर्धेआधी १७ जुलैला सरावाच्या सामन्यात जर्मनीने हिंदी संघाला ४-१ असे हरवले होते. अंतिम फेरीत पुन्हा तोच संघ समोर आला. पावसामुळे सामना एक दिवस पुढे ढकलला गेला आणि १५ ऑगस्टला ठरला. ध्यानचंदांच्या सांगण्यानुसार संघ कपडे बदलण्याच्या खोलीत जमला तेव्हा वातावरण चिंतेचे होते. संघाचे साहाय्यक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी अचानक काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला. सर्वांनी त्याला वंदन केले, प्रार्थना केली आणि मैदानात उतरले. सामना ८-१ असा जिंकला.

हा पुरावा किती वजनाचा? ‘गोल’ प्रसिद्ध झाले १९५२ मध्ये, म्हणजे प्रसंगानंतर सोळा वर्षांनी. तोवर तिरंगा राष्ट्रध्वज झाला होता आणि अशी आठवण सांगण्यात धोका उरला नव्हता. त्यामुळे तपशिलात उत्तरकाळाचा रंग मिसळला असण्याची शक्यता धरावी लागते. पण दुसरी बाजूही आहे. १९३६ मध्ये ध्यानचंद ब्रिटिश हिंदी लष्करात नोकरीला होते. काँग्रेसच्या झेंड्याला वंदन करणे हे त्यांच्या गणवेशाशी विसंगत होते. खोलीत हिंदू, मुसलमान आणि अँग्लो-इंडियन असे सर्व खेळाडू होते. रिचर्ड अ‍ॅलन आणि कार्लाइल टॅपसेल या संघात होते. म्हणजे खेळाच्या अंगणात राष्ट्रचिन्हाला मान दिल्याची जी पहिली ठळक नोंद सापडते, ती बंद दाराआडची, कुणाच्या हुकमाविना झालेली आणि तत्कालीन नियमांच्या विरुद्ध आहे. पदक मिळाल्यावर बाहेर वाजले ते ‘गॉड सेव्ह द किंग’च.

यानंतरची तारीख १२ ऑगस्ट १९४८. स्थळ लंडनचे वेम्बली. स्वतंत्र भारताने ग्रेट ब्रिटनला अंतिम सामन्यात ४-० असे हरवले. बलबीर सिंग यांचे दोन गोल, एक त्रिलोचन सिंग यांचा आणि एक पॅट जॅन्सन यांचा. जॅन्सन कोलकात्याचे अँग्लो-इंडियन. राजाशी निष्ठा हा ज्या समाजाच्या ओळखीचा भाग मानला जाई, त्या समाजातला हा खेळाडू राजाच्या राजधानीत राजाच्या संघाविरुद्ध भारतासाठी गोल करत होता. बिलासपूरला जन्मलेले लेस्ली क्लॉडियस याच संघात होते. पुढे हेलसिंकी आणि मेलबर्नलाही त्यांनी सुवर्णपदके मिळवली. मुंबईचे लिओ पिंटोही या चमूत गोलरक्षक होते.

या विजयानंतर तिरंगा वर चढला आणि राष्ट्रगीत वाजले, तेव्हा आपणच त्या झेंड्याबरोबर वर जात आहोत असे वाटल्याची आठवण बलबीर सिंग यांनी आयुष्यभर सांगितली. त्यांचे आत्मचरित्र आले १९७७ मध्ये. ‘राष्ट्रगीत’ म्हणजे नेमके कोणते, हा प्रश्न इथे विचारायला हवा. कारण त्या दिवशी भारताला कायम स्वरूपाचे राष्ट्रगीत नव्हते. देश अजून वसाहतीच्या दर्जाचे स्वराज्य होता, आणि सहावे जॉर्ज २६ जानेवारी १९५० पर्यंत कागदोपत्री भारताचे राजे राहणार होते.

याचा उलगडा तेरा दिवसांनंतरच्या एका दस्तऐवजात होतो. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंतप्रधान नेहरूंनी संविधान सभेत, ती कायदेमंडळ म्हणून बसली असताना, राष्ट्रगीताबद्दल निवेदन केले. त्यातली हकिगत अशी : स्वातंत्र्यानंतर लगेचच वाद्यवृंदांना आणि बँडना वाजवता येईल अशा धूनची निकड भासली. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली. त्यांच्याजवळ ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती. ती वाद्यवृंदाला दिली, त्यांनी सराव करून वाजवली आणि श्रोत्यांना ती फार आवडली. नंतर नेहरूंनी सर्व प्रांतांच्या राज्यपालांना पत्रे लिहून मत विचारले. एक वगळता सगळ्यांनी ‘जन गण मन’ला होकार दिला. तो एक होता मध्य प्रांताचा राज्यपाल, म्हणजे उत्तर आले होते नागपूरहून. मंत्रिमंडळाने मग ही धून तात्पुरती स्वीकारली. पश्चिम बंगालच्या सरकारने नंतर ‘वंदे मातरम्’ला पसंती कळवली, हेही निवेदनात आहे.

दोन्ही कागद शेजारी ठेवले की वेम्बलीचे चित्र स्पष्ट होते. तिथे वाजली ती मंत्रिमंडळाने कामचलाऊ म्हणून स्वीकारलेली धून. सभागृहाला तिची रीतसर माहिती मिळायला अजून तेरा दिवस होते आणि कायमची मान्यता तर सतरा महिने दूर होती. वेम्बलीवर ताठ उभ्या राहिलेल्या अकरा जणांना तसे उभे राहायला सांगणारा एकही भारतीय नियम त्या वेळी अस्तित्वात नव्हता.

बँडवर वाजण्याचा मुद्दा मराठी वाचकाला आणखी एका कारणासाठी जवळचा आहे. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर त्या काळात ‘वंदे मातरम्’साठी झटत होते. हे गीत समूहाने गाता येत नाही, बँडवर बसत नाही, असा आक्षेप होता. तो खोडण्यासाठी त्यांनी झिंझोटी रागात चाल बांधली, बँडवर वाजवून घेतली आणि दिल्लीपर्यंत जाऊन ऐकवली. शेवटी निवड दुसऱ्या गीताची झाली. पण गीताच्या अर्थाइतकीच ते परक्या देशातल्या बँडला वाजवता येण्याची कसोटी महत्त्वाची होती, हे त्यांच्या धडपडीतूनही दिसते. परक्या देशात, परक्या बँडकडून आपले राष्ट्रगीत वाजण्याची जागा म्हणजे एक तर राजनैतिक समारंभ, नाही तर ऑलिंपिक.

राष्ट्रध्वजाचा ठराव त्याआधीच, २२ जुलै १९४७ रोजी, संविधान सभेत आला होता. त्या दिवशी बोलणाऱ्यांत अँग्लो-इंडियनांचे नेते फ्रँक अँथनी होते आणि १९२८ चा हॉकी कर्णधार जयपाल सिंगही होता. तो आता आदिवासींचा प्रतिनिधी होता. झेंडे उभारणे आणि त्यांच्यासाठी लढणे हे आदिवासींना नवे नाही, त्यांच्या गावागावाला आपापला झेंडा आहे, असे त्याने सभागृहाला ऐकवले आणि नव्या ध्वजाला पाठिंबा दिला. राष्ट्रगीताला मात्र असा ठराव लाभला नाही. २४ जानेवारी १९५० रोजी अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांनी सांगितले की ठरावाऐवजी निवेदन करणेच बरे वाटले. ‘जन गण मन’ राष्ट्रगीत असेल आणि ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान असेल, एवढे त्यांनी जाहीर केले. चर्चा नाही, मतदान नाही. मग सदस्यांनी राज्यघटनेच्या प्रतींवर सह्या केल्या आणि दोन्ही गीते गायली गेली.

अडीच वर्षांनी, जुलै १९५२ मध्ये, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या गटात सुवर्ण जपानच्या शोहाची इशीने पटकावले होते, आणि ऑलिंपिकच्या रीतीप्रमाणे गीत वाजते ते विजेत्याच्या देशाचे. ७२ वर्षांनी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकले. सुवर्ण चीनच्या लिऊ युकुनचे होते. महाराष्ट्राच्या या दोन्ही वैयक्तिक पदकवीरांच्या वाट्याला दुसऱ्या देशाच्या गीताला मान देणे आले. पराभवानंतर प्रतिस्पर्ध्याच्या राष्ट्रगीताला उभे राहणे हा मैदानाने शिकवलेला धडा आहे. आपल्या कोणत्याही कायद्यात तो सापडत नाही.

आता सरकारी कागद पाहू. केंद्रीय गृह मंत्रालयाचे राष्ट्रगीताबद्दलचे आदेश बारकाईने वाचण्यासारखे आहेत. पूर्ण गीताला सुमारे ५२ सेकंद लागावेत. पहिली आणि शेवटची ओळ घेऊन होणारी संक्षिप्त आवृत्ती सुमारे २० सेकंदांची. बँडवर वाजवायचे असेल तर आधी ढोलाचा घुमारा हवा, तो संथ संचलनाच्या सात पावलांइतका. हळू सुरू होऊन तो चढत जावा, मग उतरावा, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहावा. त्यानंतर एका ठोक्याची विश्रांती, आणि मग गीत. राष्ट्रपतींचे आगमन, राज्यपालांचे आगमन, मानवंदना, संचलन, लष्करी पथकांना ध्वजप्रदान, अशा प्रसंगांची यादी आहे. पंतप्रधानांसाठी ते सहसा वाजवू नये, हेही आहे. क्रिकेट, हॉकी, कबड्डीच्या सामन्यांचा या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. गायनाच्या प्रसंगांची पूर्ण यादी देता येत नाही, असे आदेशच मान्य करतात. मातृभूमीला वंदन म्हणून, आदराने आणि शिस्तीत समूहाने गायले तर हरकत नाही, असे म्हणून ते मोकळे होतात.

श्रोत्यांसाठी सूचना एका वाक्याची : गीत गायले किंवा वाजवले जात असताना सावधान स्थितीत उभे राहावे. लगेच अपवादही दिला आहे. वृत्तपटात किंवा माहितीपटात ते चित्रपटाचा भाग म्हणून आले तर उभे राहण्याची अपेक्षा नाही, कारण त्याने गीताची प्रतिष्ठा वाढण्याऐवजी गोंधळच होईल. छातीवर हात ठेवा, मोठ्याने गा, डोळे मिटा, असे काही नाही.

शिक्षेचा कागद वेगळा आहे. राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानास प्रतिबंध करणारा कायदा १९७१ चा. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार जाणूनबुजून राष्ट्रगीत गाण्यास अडथळा आणणे किंवा ते गाणाऱ्या सभेत व्यत्यय आणणे हा गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. नुसते न गाणे किंवा न उठणे या कलमाच्या शब्दांत नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रगीताचा आदर हे मूलभूत कर्तव्यांत आणले, पण त्याला शिक्षा जोडली नाही.

या शब्दांचा कस १९८६ मध्ये लागला. केरळमधल्या एका शाळेतून तीन भावंडांना २६ जुलै १९८५ रोजी काढून टाकले होते. ‘यहोवाज विटनेसेस’ या पंथाची ही मुले राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी आणि एम. एम. दत्त यांनी ११ ऑगस्ट १९८६ रोजी निकाल दिला. गायलाच हवे अशी सक्ती करणारा कायदा नाही, आदराने उभे राहणे हाच आदर आहे, आणि मुलांना काढणे हा त्यांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे, असे न्यायालयाने ठरवले.

पुढची वळणे चित्रपटगृहांतली आहेत, पण त्यांतही एक खेळ शिरला. महाराष्ट्रात २००३ पासून चित्रपटाआधी राष्ट्रगीत सुरू झाले. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने ते देशभर बंधनकारक झाले. त्यानंतर चौथ्या आठवड्यात ‘दंगल’ प्रदर्शित झाला. त्यात कुस्तीपटू मुलगी सुवर्ण जिंकते आणि राष्ट्रगीत वाजते. एकदा सुरुवातीला उभे राहिलेल्या प्रेक्षकांनी आता पुन्हा उठायचे का? चित्रपटगृहांत काही उठले, काही बसून राहिले. १४ फेब्रुवारी २०१७ ला न्यायालयाने स्पष्ट केले की कथानकाचा भाग असलेल्या गीताला उठण्याची गरज नाही. गृह मंत्रालयाच्या आदेशातला वृत्तपटाचा अपवाद हेच सांगत होता. ऑक्टोबर २०१७ च्या सुनावणीत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी विचारले की ही सक्ती थांबणार कुठे. उद्या टी-शर्ट आणि अर्ध्या चड्डीत येण्यानेही अवमान होतो असे कुणी म्हणेल. ९ जानेवारी २०१८ रोजी दीपक मिश्रा, अजय खानविलकर आणि चंद्रचूड यांच्या खंडपीठाने चित्रपटगृहांतली सक्ती काढली. मात्र वाजवले तर उभे राहून मान द्यायचा, हे कायम ठेवले.

रिवाज आधी आणि कागद मागून, हा क्रम आपल्याच देशाचा नाही. ५ सप्टेंबर १९१८ रोजी शिकागोत बेसबॉलच्या अजिंक्यपद मालिकेत, सातव्या डावाच्या विश्रांतीत बँडने ‘स्टार स्पँगल्ड बॅनर’ वाजवले. महायुद्ध सुरू होते. खेळाडूंनी आणि प्रेक्षकांनी उभे राहून मान दिला. ते गीत अमेरिकेचे अधिकृत राष्ट्रगीत झाले १९३१ मध्ये. तिथे सामन्याआधी ते वाजवण्याची प्रथा रुजली, आणि २०१६ मध्ये कॉलिन केपर्निक या फुटबॉलपटूने गीताच्या वेळी गुडघा टेकून कृष्णवर्णीयांवरील अत्याचारांचा निषेध केला तेव्हा त्याच प्रथेवरून देश दुभंगला. त्या वर्षानंतर त्याला कोणत्याही संघाने घेतले नाही. नियमापेक्षा गर्दीची अपेक्षा किती जड असते, याचे ते उदाहरण.

आपल्याकडे वाद लहान झाले, पण जात तीच. २६ जानेवारी २०१७ रोजी कानपूरमध्ये इंग्लंडविरुद्धच्या टी-ट्वेंटी सामन्याआधी परवेझ रसूल राष्ट्रगीताच्या वेळी च्युइंगगम चघळताना कॅमेऱ्यात दिसला. २३ जानेवारी २०२२ ला केपटाऊनला तोच आरोप विराट कोहलीवर झाला. दोघेही रांगेत उभे होते. १९७१ च्या कायद्याचे शब्द त्यांना लागू होत नाहीत, मंत्रालयाच्या आदेशात जबड्याबद्दल काही नाही. शिष्टाचार म्हणून ते टाळायला हवे होते, हे म्हणता येते. देशनिष्ठेचा निवाडा त्यावरून करायला कागदात आधार नाही. वेम्बलीच्या खेळाडूंवर जवळून रोखलेले कॅमेरेही नव्हते आणि त्यांची परीक्षा घेणारी गर्दीही नव्हती.

सगळे कागद ओळीने लावले की त्यांचा कल दिसतो. मैदानावरचा आदर सरकारने निर्माण केला नाही. खेळाडूंनी तो आधी, स्वतःच्या मर्जीने दिला. सरकारने मागाहून त्यातली एकच किमान गोष्ट, उभे राहणे, लिहून काढली. न्यायालयाने तीच पुरेशी मानली. त्यापलीकडे जे काही आपण शेजारच्या खुर्चीतल्या माणसाकडून मागतो, ती आपली भर आहे.

आदेशांत आणखी एक वाक्य आहे, ज्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. राष्ट्रगीत सरसकट, कुठेही वाजवू-गाऊ नये, आणि हे तारतम्य लोकांच्या समजुतीवर सोडले आहे, असा त्याचा आशय. म्हणजे संयमाची अपेक्षा ऐकणाऱ्याइतकीच वाजवणाऱ्याकडूनही आहे. आज व्हाइटफील्डच्या कंपन्यांच्या क्रिकेट स्पर्धा असोत की पुण्यातल्या सोसायट्यांचे बॉक्स क्रिकेट, ध्वनिक्षेपक हाताशी असतो आणि गीत लावणे सोपे असते. नाणेफेकीच्या गडबडीत, अर्धे लोक वाहने लावत असताना, मध्येच तोडून किंवा जाहिरातीला जोडून लावलेल्या गीताचा अवमान कोण करतो? न उठणारा दिसतो, त्याचे चित्रण होते, त्याला जाब विचारला जातो. लावणारा ध्वनिक्षेपकामागे असतो. ज्याला आपल्या स्पर्धेत राष्ट्रगीत हवे आहे त्याने आधी माणसे जागेवर येऊ द्यावीत, शांतता होऊ द्यावी, ५२ सेकंद पूर्ण द्यावेत, आणि ज्याला उठता येत नाही त्याच्याकडे बोट दाखवू नये. आणि हे जमणार नसेल तर त्या दिवशी नुसता सामनाच खेळवावा. आदेशांचा आशय धरला तर तोही आदरच ठरतो.